वंशावळीतून मानवशास्त्राकडे

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या आदिवासी मुलामुलींची मानवशास्त्राशी पहिली गाठ पडते ती जात पडताळणीच्या निमित्ताने. बारावीचा निकाल लागायच्या आधीपासूनच घरात कागदांची शोधाशोध सुरू झालेली असते. आजोबांच्या शाळेचा दाखल-खारीज उतारा, तो नसेल तर पणजोबांच्या नावाची कोतवाल बुकातली नोंद, अधिकार अभिलेख, बंदोबस्ताची मिसल. ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा एखादा कागद सापडला तर घरातले सुटकेचा निःश्वास टाकतात. नाही सापडला तर चुलत्यांकडे, आतेकडे फेऱ्या सुरू होतात. मग शपथपत्रावर वंशावळ लिहायची. सगळ्यात वर पणजोबा, खाली त्यांचे मुलगे, त्यांच्याखाली त्यांची मुलं आणि एका कोपऱ्यात आपलं नाव. पडताळणी समितीचं दक्षता पथक घरी आलंच तर विचारतं : तुमचे देव किती, लग्न कसं लावता, माणूस गेला की पुरता की जाळता, घरात कोणती बोली बोलता.

या प्रश्नांमागे एक निकाल आहे. माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली पडताळणीची पद्धत घालून दिली. दावा करणाऱ्याच्या जमातीची मानवशास्त्रीय वैशिष्ट्यं, दैवतं, विधी, लग्नाच्या आणि अंत्यसंस्काराच्या रीती तपासाव्यात, असं तिच्यात सांगितलं होतं. हा खटला महाराष्ट्रातलाच. आपल्याकडे 'आप्तभाव चाचणी' म्हणून जी ओळखली जाते ती हीच. पुढे मार्च २०२३ मध्ये, पुन्हा महाराष्ट्रातल्याच ठाकूर जमातीच्या प्रकरणात, या चाचणीला अखेरची कसोटी मानता येणार नाही असं न्यायालयाने स्पष्ट केलं. माणसं शिकतात, गाव सोडतात, इतरांत मिसळतात आणि त्यांच्या रीती बदलतात, एवढी साधी गोष्ट त्या निकालाला मान्य करावी लागली. तोवर किती मुलांनी आपल्याच आजीच्या घरातल्या रीती परीक्षेच्या उत्तरांसारख्या पाठ केल्या असतील, या विचाराने मन विषण्ण होतं.

मानवशास्त्र गावात दुसऱ्यांदा येतं ते वनहक्काच्या दाव्यातून. २००६ च्या वनहक्क कायद्याखालच्या नियमांत तेरावा नियम पुराव्यांचा आहे. आमचे सगळे विद्यार्थी कायद्याच्या वाटेला जाणार नाहीत, पण हा एक नियम प्रत्येकाने वाचावा असं मला वाटतं. जनगणना, गॅझेटियर, नकाशे ही सरकारी कागदपत्रं त्यात आहेतच. त्यांच्याच पंगतीला गावातल्या वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदन आहे. वंशावळ आहे. देवराई, पूजेची झाडं, स्मशानाची जागा, जुन्या विहिरी, कंदमुळं आणि रानफळं गोळा करण्याच्या जागा, मासे धरण्याचे डोह आहेत. आणि भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षणासारख्या नामवंत संस्थांनी केलेले रूढी-परंपरांचे अभ्यासही आहेत. एटापल्लीकडच्या एखाद्या म्हाताऱ्या गायत्याचं (गावच्या मानकऱ्याचं) बोलणं आणि केंद्र सरकारच्या संशोधन संस्थेचा अहवाल, दोन्ही कायद्याने पुरावा म्हणून स्वीकारले आहेत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यामागे गावाने कितीतरी वर्षं चालवलेले अभ्यासगट होते. गावकरी आणि बाहेरची माणसं एकत्र बसून एकेका प्रश्नाचा पिच्छा पुरवत होती.

म्हणजे या दोन जिल्ह्यांतल्या मुलाला मानवशास्त्र अनोळखी नाही. आजवर तो उत्तर देणाऱ्याच्या बाजूला होता, एवढंच. प्रश्न ठरवणारे, वही उघडून बसणारे, निष्कर्ष लिहिणारे दुसरे कुणीतरी होते. त्या वहीमागे आता त्याने बसावं, आणि त्यासाठी विद्यापीठात पोचेपर्यंत थांबू नये, यासाठी हे पुस्तक आहे.

पुस्तकाचा वाचक कोण हे आधीच सांगून टाकतो. भामरागड, एटापल्ली, कुरखेडा, कोरची, सिरोंचा, राजुरा, जिवती, सिंदेवाही अशा ठिकाणी राहून तालुक्याच्या महाविद्यालयात कला शाखेत शिकणारा, सकाळी एसटीने येणारा किंवा आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात राहणारा विद्यार्थी. त्याच्या महाविद्यालयात बहुधा मराठी, इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र हे विषय असतात. मानवशास्त्र नसतं. ते आहे हे त्याला कळतं स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांच्या दुकानात, कारण केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तो एक वैकल्पिक विषय आहे. बरेच जण गुणांचा हिशेब करून तो घेतात. त्यांना मी नावं ठेवत नाही. पण मेंदूला खाद्य देणारा एवढा मोठा विषय केवळ गुणांच्या हिशेबापुरता उरावा, हे मात्र पटत नाही.

अमेरिकेत अशा विद्यार्थ्यासाठी रुळलेली वाट आहे. घराजवळच्या सामुदायिक महाविद्यालयात दोन वर्षं शिकायचं, मानवशास्त्राचे प्राथमिक अभ्यासक्रम तिथेच पुरे करायचे आणि मग विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचं. इलिनॉयमधल्या जॉलिएट गावात १९०१ साली सुरू झालेलं महाविद्यालय हे त्या वाटेवरचं पहिलं सार्वजनिक महाविद्यालय मानतात. आपल्याकडे पुद्दुचेरीत १९९५ साली सामुदायिक महाविद्यालय निघालं आणि नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने तशी योजनाही आणली, पण तिचा भर मुख्यतः कौशल्याच्या अभ्यासक्रमांवर राहिला. त्या अमेरिकी महाविद्यालयाचं काम आपल्या भागात प्रत्यक्षात करतं ते तालुक्याचं कला महाविद्यालयच. फी परवडते, घर सुटत नाही, तेंदूच्या हंगामात आईला हातभार लावता येतो. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर श्रेयांक साठवून दुसऱ्या संस्थेत नेण्याची सोय कागदावर तरी झाली आहे. प्रत्यक्षात ती नीट चालावी यासाठी प्राचार्यांनी आणि विद्यापीठांनी मनावर घ्यायला हवं.

काहीशा अशाच वाटेने गेलेल्या एका बाईची गोष्ट मला इथे सांगावीशी वाटते. झोरा नील हर्स्टन. फ्लोरिडातल्या ईटनव्हिल या कृष्णवर्णीयांच्या छोट्या गावात वाढलेली. पोटापाण्याची कामं करत शिकली. हॉवर्ड विद्यापीठातून १९२० साली तिने दोन वर्षांची पदविका घेतली. १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयात ती दाखल झाली आणि तिथे तिला मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस हे गुरू भेटले. बोआसनी तिला लोककथा गोळा करायला दक्षिणेत पाठवलं आणि ती आपल्या ओळखीच्या मुलखात परतली. पहिल्या खेपेला हाती फारसं काही लागलं नाही. न्यूयॉर्कमध्ये कमावलेल्या नेटक्या भाषेत ती माणसांना कथा विचारत होती आणि माणसं नम्रपणे मान हलवत होती. पुढे ती त्यांच्यात त्यांच्यासारखीच वावरू लागली, तेव्हा ओसरीवरच्या गप्पांतून कथांचा पूर आला. १९३५ साली त्याचं पुस्तक झालं. आपल्या मुलांना यातून दोन गोष्टी मिळतात. दोन वर्षांच्या पदविकेने सुरुवात केली म्हणून काही अडत नाही. आणि विद्यापीठातून परत येताना आपली बोली वाटेत सोडून येऊ नये.

बोलीचा हा मुद्दा आपल्याकडे फार मोलाचा आहे. गडचिरोली जिल्ह्यात फिरताना दर काही कोसांवर कान बदलावे लागतात. भामरागडला माडिया, धानोऱ्याला गोंडी, कोरचीच्या बाजूला छत्तीसगढी, सिरोंच्यात तेलुगू, मूलचेऱ्यात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची बंगाली, वैनगंगेच्या काठाने झाडीबोली. चंद्रपूर जिल्ह्यात माणिकगड पहाडावर कोलामी. परक्या संशोधकाची यातली एक भाषा कामापुरती शिकण्यातच किती महिने जातात! आमच्या वर्गातल्या मुलीला तीन येतात आणि त्या येणं ही काही विशेष गोष्ट आहे असं तिला कुणी कधी सांगितलेलंच नसतं. प्रमाण मराठीत ती अडखळते, म्हणून शिक्षक तिला कच्ची समजतात. ही आमच्या शिक्षणाची लाजिरवाणी बाजू आहे.

या मुलखाविषयी लिहिलं गेलं नाही असं नाही. नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांचे गोंडांविषयीचे कागद त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेम्पल यांनी छापले. त्यात लिंगो या गोंडांच्या पुराणपुरुषाचं दीर्घ गीत आहे. १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे चार खंड आले. हिरालाल त्याच प्रांतातले, लोकांत फिरणारे, पण मुखपृष्ठावर त्यांचं नाव साहाय्यक म्हणून आहे. इंद्रावतीपलीकडच्या बस्तरमधल्या माडियांवर ग्रिगसन यांनी १९३८ मध्ये लिहिलं. आदिलाबादच्या राजगोंडांवर फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचा ग्रंथ १९४८ चा. राजुरा-जिवतीचा भाग तेव्हा निजामाच्याच राज्यात होता, त्यामुळे त्या पानांत चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे या कुळगटांची जी मांडणी येते ती इथल्या मुलाला घरचीच वाटते. १९४३ साली आदिवासींच्या भवितव्यावर मोठा वाद झाला. व्हेरियर एल्विन म्हणत होते, त्यांना बाहेरच्यांच्या लुटीपासून जपा. मुंबई विद्यापीठातले घुर्ये म्हणत होते, ते वेगळे नाहीतच, त्यांना हिंदू समाजातच सामावून घ्या. दोघांच्याही लेखनात तळमळ आहे. पण ज्यांच्याविषयी हा वाद चालला होता त्यांच्यापैकी कुणाला त्यात बोलायची संधी मिळाली नाही.

ही पुस्तकं फेकून द्या असं मी मुळीच म्हणणार नाही. हायमेनडॉर्फ यांच्या ग्रंथातला एखादा विधी आज कुणाला आठवत नसेल, तर तो ग्रंथच आता गावाचा ठेवा आहे. तो आपल्या आजोबांना वाचून दाखवावा, चुका काढायला सांगाव्यात, त्या समासात लिहाव्यात. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला याहून चांगला प्रकल्प मला सुचत नाही.

मराठीतूनही या विषयात शिरता येतं. इरावती कर्वे बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आल्या, डेक्कन कॉलेजात शिकवू लागल्या, आणि देशभर हिंडून त्यांनी कवट्या आणि नाती दोन्ही मोजली. त्यांचा नातेसंबंधांवरचा इंग्रजी ग्रंथ १९५३ चा, पण त्याच बाईंनी 'परिपूर्ती' आणि 'भोवरा'मधले ललित लेख लिहिले. दुर्गा भागवत मध्य प्रांताच्या जंगलांत आदिवासींचा अभ्यास करत फिरल्या, तिथे विषबाधा होऊन वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळल्या, आणि उठल्या त्या मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासाला नवं वळण देतच. गोविंद गारे स्वतः महादेव कोळी समाजातले. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालक झाले आणि मराठीत लिहीत राहिले. मराठी माध्यमाच्या मुलाने इंग्रजीच्या धास्तीने हा विषय सोडू नये, हे सांगायला ही तीन नावं पुरेशी आहेत. इंग्रजी शिकावी लागेलच. ती शिकत असताना अभ्यास थांबवायचं कारण नाही.

अभ्यास म्हणजे करायचं काय, हे एका उदाहरणाने सांगतो. मे महिन्यात तेंदूचा हंगाम येतो. पहाटे तीन-चारला घर निघतं, उन्हं चढायच्या आत पानं तोडून परततं, मग सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधले जातात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजले जातात. हे सगळं विद्यार्थी लहानपणापासून करत आला आहे. आता त्याने वही घेऊन तेच पाहावं. जंगलाच्या कोणत्या बाजूला कोणतं घर जातं आणि ते कुणी ठरवलं? पान तोडायला कोण, बांधायला कोण, फळीवर न्यायला कोण? माहेरी आलेली मुलगी तोडते तेव्हा तिचे पुडे कुणाच्या नावावर लागतात? खराब म्हणून बाजूला काढलेल्या पुड्यांवरून वाद झाला तर मध्ये कोण पडतं? ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्यापासून काय बदललं? हे प्रश्न त्याने कधी विचारलेले नसतात, कारण उत्तर त्याच्या हातांना माहीत असतं. हातांना माहीत असलेलं कागदावर आणणं हेच पहिल्या वर्षाचं काम. आपलं घर आपल्याला ठाऊक आहे या समजुतीला तिथेच पहिला धक्का बसतो. तीन घरांत विचारलं की तीन उत्तरं येतात.

दुसरं उदाहरण अवघड आहे. पाळीच्या दिवसांत बायकांनी गावाबाहेरच्या कुर्माघरात राहायचं, ही रीत गडचिरोलीच्या अनेक गावांत आहे. बाहेरचा माणूस एक फेरी मारतो, झोपडीचा फोटो काढतो आणि 'अंधश्रद्धा' असं लिहून मोकळा होतो. त्या झोपडीत राहिलेल्या मुलीला जास्त माहीत असतं. गळकं छप्पर, रात्रीची सापाची भीती, थंडीत अपुरं पांघरूण, हे तर तिला माहीत असतंच. तिथे बायका एकमेकींशी काय बोलतात, कामातून सुटलेले ते चार दिवस थोरल्या जावेला का हवेसे वाटतात, आईला ते का नकोत आणि आजी का आग्रह धरते, हेही ती लिहू शकते. ती प्रथेची बाजू घेईल असं नाही. प्रथा बंद व्हावी असंही ती म्हणेल, आणि तिच्या म्हणण्याला वजन येईल. बायकांना नीट विचारलं की काय कळतं, हे इथे आधीही दिसलं आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ साली तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. शंभरातल्या ब्याण्णव जणींना स्त्रीरोगाचा त्रास होता. तोवर जगाने तो प्रश्न विचारलाच नव्हता. बंग दांपत्याच्याच 'सर्च' संस्थेने दवाखाना बांधण्याआधी लोकांना विचारलं, म्हणून तो झोपड्यांच्या धर्तीवर उभा राहिला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं.

मानवशास्त्र रीतिरिवाजांपुरतं आहे असंही समजू नये. माणसाचं शरीर, त्याचा भूतकाळ हेही त्यात येतं. वर्गातल्या एखाद्या मुलाकडे सिकलसेलचं कार्ड असतं. सिकलसेलचा एकच जनुक असलेल्या माणसाला घातक मलेरियापासून काही संरक्षण मिळतं, हे अॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून १९५४ साली दाखवलं. मलेरियाच्या या जंगलात तो जनुक का टिकला, हा धडा पुस्तकातून शिकवायची गरजच काय? चंद्रपूर शहरात पापामियाँची टेकडी अश्मयुगीन हत्यारांसाठी प्रसिद्ध आहे आणि चिमूर तालुक्यात हिरापूरला महापाषाणी स्मारकं आहेत. सहलीची बस ताडोब्याच्या फाटकाशी जाते, इथे थांबत नाही.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. हा विषय आदिवासींचा आणि आदिवासींवरचा, असं आपल्याकडे धरून चालतात. बल्लारपूरच्या कागद कारखान्याची वसाहत, घुग्घुसच्या कोळसा खाणीत तीन प्रांतांतून आलेले कामगार, वडशाच्या नाटक कंपन्या आणि दिवाळीनंतर गावोगावी रात्रभर रंगणारी झाडीपट्टीची नाटकं, हे सगळे मानवशास्त्राचेच विषय आहेत. कुणबी, तेली, बौद्ध घरांतल्या मुलांनी स्वतःच्या घराकडेही याच नजरेने पाहावं. नुसतं माडिया गावात जाऊन त्यांच्या रीती टिपून आणणं म्हणजे जुन्याच साहेबी वहीत नवं पान जोडणं होईल.

पदवीनंतर कुठे जायचं? पुण्याला सावित्रीबाई फुले विद्यापीठात मानवशास्त्राचा विभाग आहे. रायपूरच्या रविशंकर शुक्ल विद्यापीठात आहे, सागरला आहे जिथे श्यामाचरण दुबे यांनी शिकवलं, अमरकंटकच्या आदिवासी विद्यापीठात आणि हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात आहे. घर सोडणं शक्य नसेल त्यांच्यासाठी इग्नूचा अभ्यासक्रम आहे. नागपूरला मानववंशशास्त्र सर्वेक्षणाचं केंद्र आहे, तिथे पदवीला असतानाच एकदा जाऊन यावं. गोंडवाना विद्यापीठ २०११ साली गडचिरोलीला सुरू झालं, त्याच्या नावातच हा मुलूख आहे. त्याच्या छत्राखालच्या तालुका महाविद्यालयांत पदवीच्या पहिल्या वर्षापासून मानवशास्त्राची एक तरी विषयपत्रिका असावी, हे माझं आग्रहाचं मागणं आहे. शिक्षक मिळत नाहीत ही अडचण खरी आहे, पण ज्या मुलांना आपण आज बाहेर पाठवतो आहोत तीच दहा वर्षांत ते शिक्षक होतील.

शेवटी एक जबाबदारीची गोष्ट. आतल्या माणसाला सगळं दिसतं, म्हणून सगळं लिहायचं नसतं. गोटुल या युवागृहाविषयी बाहेरच्यांनी जे भडक लिखाण केलं त्याची झळ आजही इथल्या मुलींना शहरातल्या वसतिगृहात बसते. पेरम्याने, म्हणजे गावच्या पुजाऱ्याने, एखाद्या विधीबद्दल 'हे आपल्यापुरतं' म्हटलं तर ते पान कोरं ठेवावं आणि प्रबंधाच्या मार्गदर्शकांनाही तसं ठामपणे सांगावं. ज्याचं नाव छापायचं त्याला विचारावं, आणि ज्याने नाव हवं म्हटलं त्याचं नाव साहाय्यक म्हणून तळटीपेत घालू नये. गावाबद्दल जे लिहिलं ते ग्रामसभेत वाचून दाखवावं, त्यांच्या बोलीत. कुणी उठून 'असं नाही' म्हणालं तर तेही टिपून घ्यावं. आणि पुण्याला किंवा हैदराबादला निघण्याआधी त्या वहीची एक झेरॉक्स ग्रामसभेच्या कपाटात ठेवावी. वनहक्काचा उरलेला दावा लिहायला बसतील तेव्हा डोहांची, देवराईची आणि वाटांची ती नावं त्यांना लागणार आहेत.